फॉरमॅट, पण रक्ताचं!

आपल्या हाडांच्या आत एक कारखाना चोवीस तास, एकही सुट्टी न घेता चालू असतो, माहीत आहे का? त्याचं नाव बोन मॅरो, म्हणजे अस्थिमज्जा. लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स हे सगळं प्रॉडक्शन इथलंच, आणि त्याचं मूळ म्हणजे स्टेम सेल्स. ल्युकेमियात हा कारखाना बिघडलेल्या पेशी काढतो, अ‍ॅप्लास्टिक अ‍ॅनिमियात तो जवळजवळ बंद पडतो. थॅलेसेमिया मेजरमध्ये हिमोग्लोबिन नीट बनत नाही, म्हणून त्या मुलांना काही आठवड्यांनी पुन्हा पुन्हा रक्त द्यावं लागतं.

यावर एक उपाय म्हणजे बोन मॅरो ट्रान्सप्लांट. आपल्या भाषेत, हार्ड डिस्क फॉरमॅट करून नवीन सिस्टिम टाकणे! आधी केमोथेरपीने जुना मॅरो नष्ट करतात. मग दात्याच्या स्टेम सेल्स रक्त चढवतात तशा शिरेतून सोडतात. गंमत म्हणजे त्या आपला पत्ता शोधत बरोबर हाडांत पोचतात आणि दोन-चार आठवड्यांत कामाला लागतात. तोवर मात्र साधं इन्फेक्शनही जिवावर बेतू शकतं.

या कामासाठी अमेरिकेच्या डॉ. डॉनल थॉमस यांना १९९० चं नोबेल मिळालं. भारतात १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणींनी हा उपचार यशस्वी केला.

खरी अडचण मॅचिंगची. इथे ब्लड ग्रुप नव्हे, एचएलए जुळावं लागतं. आईवडिलांकडून त्याचा एकेक संच मिळतो, त्यामुळे सख्ख्या भावंडाशी पूर्ण मॅचची प्रोबॅबिलिटी फक्त १/४. दोन भावंडं असली तरी ७/१६, म्हणजे निम्म्याहून कमीच! हल्ली अर्ध्या मॅचवरही ट्रान्सप्लांट होतात, पण पूर्ण मॅच मिळालेला बरा. नाहीतर नवीन पेशी पेशंटच्याच शरीरावर हल्ला करण्याचा धोका वाढतो.

मग शोध रजिस्ट्रीत. एचएलए वंशाप्रमाणे बदलतं, म्हणून इथल्या पेशंटचा मॅच इथल्याच लोकांत सापडण्याची शक्यता जास्त. अठरा पूर्ण झालेल्यांना नाव नोंदवता येतं. गालाच्या आतून कापसाच्या बोळ्याने नमुना घेतात, बस्स. पुढे मॅच निघाला तर बहुतेक वेळा काही दिवस इंजेक्शनं घेऊन हातातल्या रक्तातूनच स्टेम सेल्स काढतात.

पण मित्राने फॉर्म भरला म्हणून आपणही भरू नका. घरी बोला, विचार करा, मगच सही करा. कारण फॉरमॅट झाल्यावर दात्याने नाही म्हटलं, तर पेशंटकडे परत जायला जुनी सिस्टिम उरलेली नसते.