बायको-मुलांना आखातात न्यायचंय? आधी खर्चाचा कागद मांडा

आखाती देशात नोकरी करणाऱ्या आपल्या बांधवांची एक इच्छा असतेच, बायको-मुलांना जवळ न्यावं. इच्छा रास्त आहे. मुलांना बापाचा सहवास मिळावा, घर एकत्र राहावं, असं कुणाला वाटत नाही? पण उमापूरसारख्या गावातून कुटुंब हलवताना हिशेब बहुधा एकाच ओळीचा होतो: पगार इतके रियाल, गुणिले रुपयाचा भाव. आकडा मोठा दिसतो आणि तिकिटं निघतात. आमचं म्हणणं एवढंच, की तिकडचा खर्च रियालमध्ये होणार आहे, तर हिशेबही रियालमध्येच मांडावा.

दुसरी गोष्ट. एकटा माणूस बहुतेक वेळा कंपनीच्या खोलीत राहतो, चार-सहा जणांत मिळून मेस चालवतो. त्याचा आजचा खर्च म्हणजे कुटुंबाच्या खर्चाचा पाचवा हिस्सा नव्हे. कुटुंब आलं की स्वतंत्र घर, वीज, गॅस, शाळा, सगळं नव्यानं सुरू होतं.

सऊदी अरबचं उदाहरण घेऊ. तिथं कुटुंबातल्या प्रत्येक अवलंबित व्यक्तीवर सरकारी फी आहे. जुलै २०१७ मध्ये ती माणशी दरमहा १०० रियाल होती. दरवर्षी १०० ने वाढत जुलै २०२० पासून ४०० झाली. बायको आणि तीन मुलं असतील तर महिन्याला १,६०० आणि वर्षाला १९,२०० रियाल. ही फी इकाम्याच्या नूतनीकरणाबरोबर आगाऊ भरावी लागते. पगार ५,००० रियाल धरला तर भाजी-भाकरीच्या आधीच ३,४०० उरतात. याच फीमुळे २०१७ नंतर अनेक भारतीयांनी कुटुंबं परत पाठवली. शिवाय विक्रीवरचा कर, म्हणजे व्हॅट, २०१८ मध्ये ५ टक्के होता, तो जुलै २०२० पासून १५ टक्के आहे.

दुबईचा हिशेब वेगळा. कुटुंबाला बोलावण्यासाठी पगार किमान ४,००० दिरहम, किंवा ३,००० दिरहम आणि राहण्याची सोय असावी लागते. पण ही व्हिसा मिळण्याची अट आहे, एवढ्यात घर चालेल याची हमी नव्हे. तिथं घरभाड्याचे पुढच्या तारखांचे चेक आधीच द्यावे लागतात. वर्षाच्या भाड्याच्या ५ टक्के नगरपालिकेची फी पाणी-विजेच्या बिलातून वसूल होते. डिपॉझिट आणि एजंटचं कमिशन आणखी वेगळं. बायको-मुलांच्या आरोग्य विम्याची जबाबदारीही बोलावणाऱ्याचीच असते.

म्हणून कागदावर चार रकाने आखा.

पहिला, एकदाच होणारा खर्च: पासपोर्ट, लग्नाच्या आणि जन्माच्या दाखल्यांचं साक्षांकन, व्हिसा, तिकिटं, डिपॉझिट, भांडी-अंथरूण.

दुसरा, दरमहाचा: भाडं, वीज, किराणा, शाळेची फी आणि बस, मोबाइल, औषधपाणी.

तिसरा, वर्षाचा: अवलंबितांची फी, पुस्तकं-गणवेश, सुट्टीतली तिकिटं.

चौथा रकाना लोक हमखास विसरतात, तो गावाकडचा. अम्मी-अब्बांचं औषध, घराचा हप्ता, बहिणीचं लग्न, ईदचा खर्च आणि जकात. कुटुंब तिकडे गेलं म्हणून हे थांबत नाही.

शाळेबद्दल शिक्षक म्हणून थोडं जास्त सांगतो. तिकडच्या भारतीय शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, आपल्याकडे जूनमध्ये. मध्येच दाखला काढला तर मुलाचं वर्ष वाया जाऊ शकतं. आणि मराठी किंवा उर्दू माध्यमातलं मूल एकदम इंग्रजी सीबीएसईत बसलं, की शिकवणी लागतेच. तो खर्चही दुसऱ्या रकान्यात लिहा. जागा मिळेल का, हे शाळेला विचारल्याशिवाय दाखला काढू नका.

पहिल्या रकान्यातली रक्कम हातात हवी. बीड जिल्ह्यातल्या माणसाला उचल म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. मुकादमाकडून घेतलेले पैसे फेडण्यात ऊसतोड कामगाराचा हंगाम निघून जातो. कंपनीकडून ॲडव्हान्स किंवा कुणाकडून सुदानं पैसे घेऊन कुटुंब नेलं, तर परदेशातही तीच गत होते. वर कमीत कमी तीन महिन्यांचा खर्च बाजूला हवा, कारण तिथं नोकरी गेली की राहण्याचा परवानाही धोक्यात येतो.

काही जण म्हणतात, रिज्क देणारा अल्लाह आहे, एवढा हिशेब कशाला? पण तवक्कुल म्हणजे डोळे मिटून उडी घेणं नाही. कुरआनमधली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, उसनवारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दलच आहे. लिहिणं हा आपल्या दीनचाच भाग आहे.

चारही रकान्यांची बेरीज पगारात बसत असेल, तर बिस्मिल्लाह करा. काठावर येत असेल, तर मुलांच्या सुट्टीत एक-दोन महिने भेट व्हिसावर कुटुंबाला नेऊन पाहा. त्यावर इकामा नसल्यामुळे माणशी ४०० रियालची फी लागत नाही, आणि रोजचा खर्च किती येतो ते कळतं. बसतच नसेल, तर आणखी वर्षभर थांबण्यात कमीपणा नाही. आणि हा कागद घरच्या बाईसोबत बसून लिहा. महिन्याला तेल, पीठ, दूध किती लागतं, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.