नव्वद टक्के कार्बन आणि मुरमाचं मैदान

मागच्या हिवाळ्यात अमरावतीत एक पालक नवी कोरी हॉकी स्टिक घेऊन मैदानावर आले. काळी, चकचकीत, वर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत ९० चा आकडा. "सर, नव्वद टक्के कार्बनची घेऊन देली पोराले. आता बारावीपर्यंत पाहणं नाई." पोरगा सातवीत. तीन आठवड्यांत स्टिकच्या मुडपावर केसासारखी चीर आली. महिन्याभरात ती चीर आरपार गेली. "डुप्लिकेट निघाली बाप्पा," पालक हळहळले. मी स्टिक हातात घेऊन पाहिली. डुप्लिकेट नव्हती. अस्सल होती, म्हणूनच गेली.

जितका कार्बन जास्त तितकी स्टिक टिकाऊ, हे वाक्य मी अकोल्यात ऐकतो, अमरावतीत ऐकतो, दर्यापूर-मूर्तिजापूरकडून येणाऱ्या पोरांकडूनही ऐकतो. दुकानदार सांगतो, मोठी पोरं सांगतात, आणि बाप बिचारा पोटाला चिमटा काढून सगळ्यांत मोठा आकडा विकत घेतो. चिडायला होतं ते यासाठी.

त्या आकड्याचा अर्थ काय? आजची बहुतेक चांगली स्टिक धाग्यांचे थर राळेत, म्हणजे रेझिनमध्ये, बसवून बनवलेली असते. कार्बनचा धागा, काचेचा धागा म्हणजे फायबरग्लास, आणि थोडा अॅरामिड, ज्याला आपण केव्हलर या व्यापारी नावाने ओळखतो. कार्बनचा धागा काचेच्या धाग्याच्या साधारण तिप्पट ताठ असतो. त्यामुळे कार्बनची स्टिक मारताना वाकत नाही, तुमचा जोर चेंडूपर्यंत पोचतो. पण तोच धागा तुटण्याआधी जेमतेम दीड-दोन टक्के ताणला जातो. काचेचा धागा चार टक्क्यांच्या पुढे ताणूनही टिकतो. म्हणजे ९० हा आकडा ताठपणा सांगतो. घाव सोसण्याची ताकद, ज्याला आपण चिवटपणा म्हणतो, ती वेगळी गोष्ट आहे, आणि कार्बन वाढेल तशी ती बहुधा कमीच होते.

हे समजायला प्रयोगशाळा लागत नाही. मेळघाटात सागाला तोटा नाही, तरी कुऱ्हाडीला दांडा बसवायचा तर माणूस धावडा शोधतो. साग दारा-खिडक्यांना उत्तम, पण घावाचा दणका सोसावा धावड्यानेच. हॉकीच्या लाकडी स्टिकला आपल्याकडे तुतीचं लाकूड आलं तेही याच गुणामुळे: वाकतं, दणका पचवतं, सहजासहजी उकलत नाही. वर वेताचं हँडल, म्हणजे हाताला झिणझिण्या कमी.

बरं, मग मोठे खेळाडू कार्बन का वापरतात? कारण त्यांचं मैदान वेगळं आहे. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम गवतावर खेळली गेली. (भारत त्या वर्षी सातवा आला, ती जखम जुन्या लोकांना अजून दुखते.) पाणी मारलेल्या सपाट टर्फवर चेंडू रेषेत येतो, स्टिक घसरत जाते, आणि ताठ स्टिकचा फायदा पुरेपूर मिळतो. आता आपलं मैदान आठवा. खाली काळी माती, तिच्या भेगा आणि चिखल टाळायला वर पसरलेला मुरूम. आडवी स्टिक टाकून चेंडू अडवला की तिची कड खड्यांवर घासते. वरचा रंग जातो, मग राळ जाते, मग धागे उघडे पडतात. त्यात शाळकरी सामन्यात चेंडूपेक्षा समोरच्याच्या स्टिकवर जास्त घाव बसतात, हे कोणत्याही शिक्षकाला विचारा. कार्बनचा थर आतून सुटतो आणि बाहेरून काही दिसतही नाही. एक दिवस साध्या पुशला स्टिक जाते आणि खापर कंपनीवर फुटतं.

आणखी एक. आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाच्या नियमपुस्तकात स्टिकचं वजन ७३७ ग्रॅमपेक्षा जास्त नको, लांबी १०५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, ती ५१ मिलिमीटर व्यासाच्या कड्यातून पार व्हावी, तिचा बाक २५ मिलिमीटरपेक्षा खोल नसावा, असं सगळं मोजून दिलेलं आहे. कार्बन किती टक्के असावा याबद्दल अक्षर नाही. थर किती, धागे कोणत्या कोनात, राळ कशी, यावर स्टिक ठरते. ते स्टिकवर छापत नाहीत, कारण ते छापून विक्री होत नाही.

या समजाचा एक थोरला भाऊ आहे. २९ ऑगस्टला, राष्ट्रीय क्रीडा दिनी, शाळाशाळांत भाषण होतं: ध्यानचंद यांच्या स्टिकमध्ये लोहचुंबक आहे असा संशय आला आणि ती तोडून पाहिली. टाळ्या पडतात. गोष्ट गोड आहे, पण जरा डोकं चालवा. त्या काळचा चेंडू वरून कातड्याचा, आत कॉर्क आणि दोरा. लोहचुंबक यातलं नेमकं काय ओढणार? १५ ऑगस्ट १९३६ ला बर्लिनमध्ये ध्यानचंद यांच्या संघाने जर्मनीला ८-१ ने हरवलं ते लाकडी स्टिकांनी. त्याच ऑलिंपिकच्या वेळी आपल्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू कबड्डी आणि देशी व्यायामप्रकार दाखवायला बर्लिनमध्ये होता. भाषणात सांगायचंच तर हे सांगा, ते खरं आहे. आणि आज तर स्टिकमध्ये धातूच चालत नाही. चाचणीत चेंडूचा वेग स्टिकच्या वेगाच्या ९८ टक्क्यांपुढे जाता कामा नये, असाही नियम आहे. जादूच्या वाटा बंद आहेत.

बाकीचे समज थोडक्यात उरकतो. डावखुऱ्या पोरासाठी वेगळी स्टिक चालत नाही, नियमानेच सपाट बाजू डावीकडे असते, तेव्हा दुकानं पालथी घालू नका. जड स्टिकने फटका जोरात बसतो, पण ती वेळेवर फिरवता आली तर. जास्त बाकाची स्टिक ड्रॅगफ्लिकसाठी, म्हणजे चेंडू ओढत नेऊन उचलून फेकण्यासाठी, असते. ज्याला अजून सरळ पुश जमत नाही त्याचा चेंडू तिने उडत राहील. जवसाचं तेल पाजायचा सल्ला लाकडासाठीचा आहे. राळेच्या स्टिकमध्ये तेल शिरतच नाही, नुसते हात माखतात. आणि चिरलेल्या स्टिकवर टेप गुंडाळली की ती दुरुस्त होते हे खोटं. टेप झीज रोखते, तुटलेला थर सांधत नाही.

स्टिकला खरोखर मारतं ते आपलं ऊन, आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. मे महिन्यात अकोल्यात पारा ४५ च्या आसपास असतो. बंद गाडीत तो ६० च्या पुढे जातो. तिथे राळ मऊ पडू लागते, लाकडी स्टिकचा वेत आणि तुती यांचा सांधा सुकून सैल होतो. सरावानंतर स्टिक गाडीत किंवा स्लॅबवर टाकू नका, घरात सावलीला ठेवा. पावसात भिजली तर पुसा.

मग घ्यायची कोणती? मुरमावर खेळणाऱ्या पोराला फायबरग्लास जास्त आणि कार्बन थोडा, किंवा सरळ चांगली तुतीची. मुडपाला आणि कडेला पहिल्याच दिवशी टेप मारा. दुकानात हेडवर बोटाच्या पेराने ठोकून पाहा: खणखणीत आवाज आला तर ठीक, एखाद्या जागी बदबद वाजलं तर ठेवून द्या. स्टिक महाग नसली तर खेळ येत नाही, असं वाटत असेल तर धनराज पिल्ले आठवा. खडकीच्या वसाहतीतल्या धुळीत तो भावांबरोबर मोडक्या, बांधून जोडलेल्या स्टिकांनी खेळायला शिकला आणि पुढे चार ऑलिंपिक खेळला.

आणि बारावीपर्यंतचं म्हणाल, तर स्टिक उभी धरल्यावर साधारण कमरेच्या हाडापर्यंत यायला हवी. सातवीतल्या पोराला जेमतेम पस्तीस इंची लागते. दहावीत तो हातभर वाढलेला असतो, आणि ती स्टिक शाबूत असली तरी त्याला आखूड झालेली असते.