खांबापलीकडची वीज

इंदापूर तालुक्यातील कळस गावी उन्हाळ्यात एका नातेवाइकांकडे गेलो होतो. घरधनी आदल्या रात्री दुसऱ्याच्या उसाला दारे धरून आलेले. डोळे तांबारलेले. त्या आठवड्यात शेतीपंपाला रात्रीची वीज होती. आपली किती तरी माणसे अशीच बॅटरीच्या उजेडात चिखल तुडवतात, हे वाचकांना सांगायला नको.

त्यांची मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. चहा देताना तिने विचारले, "काका, वीज मंडळात मुलींना घेतात का हो?"

वडील हसले. "अगं, खांबावर चढायचं काम ते. तुला झेपंल का?"

मी म्हणालो, "भाऊ, खांबावरचं काम दिसतं, म्हणून तेवढंच आपल्याला माहीत. पण रात्री बारा वाजता तुमच्या मोटारीला वीज सोडायची, हे कागदावर ठरतं. कागदाजवळ आपलं कोण बसलंय?"

वीज कोणाकडून घ्यायची, कोणत्या वाहिनीला किती तास द्यायची, मीटर वाचणे, बिल करणे, वसुली, गळतीचा हिशेब, या सगळ्याला ऊर्जेचे प्रशासन म्हणतात. एक हजार वॅटची शेगडी तासभर चालली की एक युनिट होते. त्या युनिटचा दर १९९९ साली स्थापन झालेला राज्य वीज नियामक आयोग ठरवतो. हे सारे समजणारी माणसे लागतात, आणि त्यात हिशेबाची माणसेही लागतात.

हे क्षेत्र आपल्याला परके नाही. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, आणि वीज व पाटबंधारे हे विषय त्यांच्याच खात्याकडे होते. वीज स्वस्त आणि मुबलक मिळाल्याशिवाय उद्योग वाढणार नाहीत आणि उद्योग वाढल्याशिवाय दारिद्र्य हटणार नाही, ही मांडणी त्यांनी १९४३ साली दिल्लीत विजेच्या धोरणाच्या समितीपुढे केली. त्यांच्याच कारकिर्दीत १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. घटनाकार बाबासाहेब आपण घरोघरी सांगतो. विजेचे नियोजन करणारे बाबासाहेब मुलांना सांगायचे राहून जाते.

आता वाटा पाहू. १९६० साली स्थापन झालेल्या वीज मंडळाच्या २००५ साली कंपन्या झाल्या. महानिर्मिती वीज तयार करते, महापारेषण ती वाहून नेते आणि महावितरण घरोघर पोचवते. महावितरणचे परिमंडल कार्यालय बारामतीतच आहे. दहावीनंतर आयटीआयचा वीजतंत्री किंवा तारतंत्री कोर्स केलेल्यांना शिकाऊ उमेदवार म्हणून आणि पुढे विद्युत सहायक म्हणून संधी असते. डिप्लोमा व पदवीवाल्या इंजिनिअरांसाठी अभियंत्यांची पदे निघतात. बी.कॉम.वाल्यांसाठी कनिष्ठ सहायक (लेखा) हे पद असते. त्याला संगणकाचे एमएससीआयटीही लागते. यात खांबावर चढायचे नसते.

दुसरी वाट ऊर्जा व्यवस्थापकाची. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याने ठरावीक मोठ्या वीजवापर करणाऱ्या कारखान्यांना असा माणूस नेमणे बंधनकारक केले. त्यासाठी केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोची परीक्षा असते. इंजिनिअरला तीन वर्षांचा, तर डिप्लोमावाल्याला सहा वर्षांचा अनुभव लागतो. म्हणून मुलगा डिप्लोमा करून कारखान्यात लागला, तर "लागला एकदाचा" म्हणून थांबू नका. अनुभवाचे दाखले जपून ठेवायला सांगा.

आता जे मला भोवले ते सांगतो. पदवी घेतली त्या साली मीही एका नोकरीचा अर्ज भरला होता. बोलावणे आले, पण जात पडताळणीचा दाखला नव्हता. तो हातात पडेपर्यंत जागा गेली. दोष कोणाला देऊ? घरात कोणाला ठाऊकच नव्हते. पुढे कारकुनी मिळाली, पोट भरले. पण ती हुकलेली जागा आजही मनातून जात नाही.

म्हणून पालकहो, जाहिरातीची वाट पाहू नका. जातीचा दाखला, पडताळणी, रहिवासी दाखला आजच काढा. केंद्राच्या वीज कंपन्यांसाठी केंद्राच्या नमुन्यातील, मूळ जातीचा उल्लेख असलेला दाखला वेगळा काढून ठेवा. बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती १९९० साली मिळाल्या. त्या हक्काचा कागद पेटीत नसेल, तर हक्क असून उपयोग काय?

मी निघालो तेव्हा मुलीने वहीत यादी लिहून घेतली होती. घरधनी एवढा वेळ गप्प होते. मग उठले, पत्र्याची पेटी उघडली आणि आपला शाळा सोडल्याचा दाखला काढून तिच्या हातात दिला.

"हा लागंल ना पडताळणीला? उद्या रोज बुडवतो. जाऊ आपण दोघं."

एक दिवसाची मजुरी म्हणजे काय, हे ज्याच्या घरी चूल रोजावर पेटते त्यालाच कळते. तेवढी किंमत मोजायला एक बाप तयार झाला. आपणही आपापली पेटी उघडून पाहावी, एवढेच सांगणे.