घरचा चांदणी-कंदील

आश्विन महिना निम्मा सरला कीं बाजारांतील दुकानें कागदी व प्लास्टिकच्या कंदिलांनीं भरून जातात. रंगांत व झगमगाटांत ते असे सरस असतात कीं, घरीं कंदील करूं पाहणाऱ्या मुलास वडील माणसें सहजच म्हणतात, "अरे, विकत चांगला मिळतो, उगाच हा पसारा कशाला?" पसारा होतो हें खरें. परंतु ह्या पसाऱ्यांतून मुलाच्या हातीं काय लागतें, याचा हिशेब सहसा कोणी करीत नाहीं. तो हिशेब डोळ्यांपुढें ठेवून, पांच कोनांची चांदणी घरीं कशी करावी तें आम्ही येथें सांगणार आहों. चांदणीच निवडण्याचें कारण असें कीं, दिवाळींत ती आकाशकंदील म्हणून शोभते, आणि वसईकडे व गोव्यांत नाताळांत दारोदार लागतो तो ताराहि हाच. एक सांगाडा दोन सणांस पुरतो.

असल्या शोभेच्या कामाचा शाळेच्या अभ्यासाशीं काय संबंध, असें कोणी विचारील. त्यास जर्मनींतील नीस्की या गांवचें उदाहरण द्यावेंसें वाटतें. तेथें मोरेवियन पंथाची एक निवासी शाळा होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत त्या शाळेंत घनाकृति समजाव्या म्हणून मुलांकडून कागदी तारे करवून घेत. १८ चौरस व ८ त्रिकोण मिळून जी २६ पृष्ठांची आकृति होते, तिचें एक पृष्ठ टांगण्यासाठीं मोकळें ठेवून बाकीच्या पंचवीसांवर टोंकदार शंकु बसवीत. सुटीस घरीं जातांना मुलांनीं ही विद्या बरोबर नेली. पुढें त्या ताऱ्यांचा कारखाना निघाला आणि हेर्नहूट या गांवाच्या नांवानें ते आजहि विकले जातात. सणाचें भूषण होण्यापूर्वीं हा तारा भूमितीचा पाठ होता. आमच्या चांदणींतहि तसाच पाठ दडलेला आहे. तो पुढें येईलच.

साहित्य फार नाहीं. बांबूच्या ६० सेंटिमीटर लांबीच्या दहा कामट्या, १२ सेंटिमीटरच्या पांच आखूड काड्या, पक्का दोरा, पतंगाचा कागद व मैद्याची खळ, इतकें पुरें. कामटी सुमारें पाऊण सेंटिमीटर रुंद असावी. बांबू चिरण्याचें काम मोठ्यांनीं करावें, अथवा टोपल्या व सुपें विणणाऱ्या कारागिराकडून कामट्या सोलून आणाव्या. मग प्रत्येक कामटी मधोमध बोटावर तोलून पाहावी. ती एका बाजूस झुकली तर ती बाजू जाड आहे असें समजून तेथें थोडी तासावी. ही परीक्षा कंटाळवाणी वाटते व बहुतेक जण ती टाळतात. पण जाड व बारीक कामट्या एकत्र बांधल्या कीं बारीक असेल ती अधिक वांकते आणि चांदणी एका अंगास कलते. मागाहून कितीहि ताणलें तरी तो कल जात नाहीं.

आतां मापाकडे वळूं. प्रत्येक कामटीवर दोन्ही टोंकांपासून २३ सेंटिमीटरवर एकेक खूण करावी. मध्यें १४ सेंटिमीटर उरतात. पेन्सिल न उचलतां पांच रेघांची चांदणी सर्व मुलांस काढतां येते. तशीच पांच कामट्यांची चांदणी जमिनीवर मांडावी, व प्रत्येक कामटी एकीच्या वरून आणि दुसरीच्या खालून न्यावी. जेथें दोन कामट्या एकमेकींस छेदतात, तेथें दोहोंवरील खुणा तंतोतंत जुळल्या पाहिजेत. खुणा जुळल्या म्हणजे टोंकाचा कोन आपोआप ३६ अंशांचा होतो. कोनमापकाची गरजच पडत नाहीं. पांचहि टोंकांच्या कोनांची बेरीज करा, ती १८० अंश, म्हणजे दोन काटकोन भरेल.

पण २३ आणि १४ हेच आंकडे कां? वरच्या वर्गांतील मुलांनीं एवढें करून पाहावें: ६० ला ३७ नीं भागा, ३७ ला २३ नीं, आणि २३ ला १४ नीं. (३७ म्हणजे २३ व १४ यांची बेरीज.) तिन्ही वेळां उत्तर १.६ च्या थोडें पुढें येतें. नियमित पंचकोनाचे कर्ण एकमेकांस ह्याच प्रमाणांत छेदतात, हें यूक्लिडनें आपल्या ग्रंथाच्या तेराव्या भागांत सिद्ध केलें आहे. पुस्तकांत हें वाचून विसरणारा मुलगा, खूण एक सेंटिमीटर चुकली तर चांदणीचें टोंक कसें फांकतें हें पाहून तें विसरणार नाहीं.

टोंकांशीं बारीक खांच पाडून दोरा बांधावा, म्हणजे गांठ सरकत नाहीं. अशा दोन चांदण्या तयार झाल्या कीं एकीवर दुसरी ठेवून पांचहि टोंकें जोडावीं. मग आंतील पांच छेदबिंदूंशीं दोहोंच्या मध्यें एकेक आखूड काडी उभी करावी व दोऱ्याचा एक वेढा द्यावा. हा क्षण मुलांस फार आवडतो. आतांपर्यंत चपटी पडलेली चांदणी एकाएकीं फुगून उभी राहते.

कागदाचे तुकडे एकवीस लागतात. पुढें व मागें मिळून दहा मोठे त्रिकोण, ज्यांचा पाया १४ व बाजू २३ सेंटिमीटर. कडेचे दहा निमुळते, ज्यांचा पाया १२. आणि पुढचा एक पंचकोन. मागचा पंचकोन दिवा बसविण्यासाठीं मोकळा ठेवावा. चिकटविण्यास चोहोंकडे एक सेंटिमीटर कागद जास्त धरावा. कागद चिकटवितांना ओढूं नये, नुसता टेकवावा. खळ वाळतांना तो स्वतःच आवळतो. कांहीं घरीं कीड लागूं नये म्हणून खळींत मोरचूद घालतात. तें विष आहे. पंधरा दिवसांच्या कंदिलास त्याची गरज नाहीं, आणि ज्या खळींत लहान मुलांची बोटें जावयाचीं तींत तर तें मुळींच असूं नये.

येथें पालकांस एक विनंति आहे. बांबू चिरणें, खळ शिजविणें व विजेची तार जोडणें हीं तीन कामें आपलीं; बाकीचीं मुलांचीं. मुलाची गांठ सुटली, कागद वांकडा बसला, कीं "दे इकडे, मी करतों" हे शब्द आपल्या ओठांवर येतात. हेतु चांगला असतो, परंतु त्या शब्दांबरोबर कंदील मुलाच्या हातून जातो, व पुढच्या वर्षीं तो मुलगा आपणहून बाजाराची वाट धरतो. चांदणी तिरपी झाली असेल तर ती सरळ करून देऊं नये. "खुणा जुळल्या आहेत का पाहा," एवढेंच म्हणावें. चूक कोठें आहे तें कामटी त्याला सांगेल. अगदीं धाकटीं भावंडें खळ लावतील, आजी कागद कातरून देईल, आणि ताई मापें घेईल. एकानेंच सर्व केलें पाहिजे असें नाहीं.

पूर्वीं कंदिलांत तेलाची पणती ठेवीत, आणि वाऱ्यानें कागद पेटण्याची धास्ती असे. तंतूचा विजेचा दिवाहि निर्धोक नव्हे, कारण तो बहुतेक वीज उष्णतेंतच घालवितो. म्हणून एल.ई.डी.चा लहान दिवा घ्यावा, तो मधोमध लोंबता ठेवावा, व तार कोठेंहि उघडी राहूं देऊं नये. चांदणी एकाच दोरीनें टांगली तर वाऱ्यावर गरगर फिरून तार पिळली जाते. यास्तव वरच्या टोंकाखेरीज बाजूच्या एका टोंकासहि दोरी बांधावी. दिवाळींत एखादी पावसाची सर येतेच, तेव्हां जागा पागोळ्यांच्या आंत असावी.

तुळशीचें लग्न झालें कीं कंदील उतरवून कागद ओल्या फडक्यानें भिजवून काढावा. पांच आखूड काड्या काढल्या कीं दोन्ही चांदण्या पुन्हां एकमेकींवर चपट्या बसतात व सांगाडा दाराआड खुंटीस राहतो. शेजाऱ्यांकडे नाताळ असेल तर त्यांच्या मुलांस तो तसाच द्यावा, ती मुलें आपल्या आवडीचा कागद लावतील. काड्या मात्र चिंधींत गुंडाळून सांगाड्यासच बांधाव्या, नाहींतर त्या हटकून हरवतात; हरवल्याच तर नव्या कापतांना पांचहि १२ सेंटिमीटरच्याच कापाव्या.