कोरड्या दिवसांचं पान

दिवाळीच्या सुमारास सोलापूरकडच्या आमच्या वैरागच्या शिवारात ज्वारी वर येऊ लागते, तेव्हाच माझ्या पूर्वेच्या खिडकीतली पिंग्विक्युला रूप पालटायला लागते. पावसाळाभर तिची पानं चार बोटं लांब, पोपटी, तूप चोपडल्यासारखी चकचकीत. बोट टेकवलं की बारीक तार ओढली जाते. पाऊस ओसरला की मधून येणारं नवं पान आखूड, जाड आणि कोरडं निघतं. जुनी पानं सुकून खाली बसतात. डिसेंबरात कुंडीत उरतो रुपयाएवढा गच्च गुच्छ. त्याला बोट लावा, चिकटत नाही. या झाडाने शिकार थांबवलेली असते.

होय, शिकार. पिंग्विक्युला ही कीटकभक्षी वनस्पती. 'पिंग्विस' म्हणजे लॅटिनमध्ये चरबीदार; इंग्रजीतल्या बटरवर्ट या नावातही लोणीच आहे. पानावर दोन तऱ्हेच्या ग्रंथी असतात: देठावरच्या ग्रंथी चिकट थेंब धरतात, पानाला टेकून असलेल्या ग्रंथी पाचकरस सोडतात. चिलट चिकटलं की पानाची कड हळूहळू आत वळते आणि दोन-चार दिवसांत किड्याचं नुसतं टरफल राहतं. मुळं नावापुरती, जमीन निकस; नायट्रोजन मिळवायचा तो असा. चार्ल्स डार्विनच्या १८७५च्या कीटकभक्षी वनस्पतींवरील ग्रंथात हिच्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. नॉर्थ वेल्समधून त्याला काहीबाही चिकटलेली ३९ पानं धाडली गेली होती. त्यांतल्या ३२ पानांवर त्याने १४२ कीटक मोजले. मोजणीची ही चिकाटी मला त्या पानांइतकीच मोलाची वाटते.

हिवाळा काढण्याच्या हिच्या दोन रीती आहेत. युरोपातल्या थंड मुलखातल्या जाती पानं टाकून घट्ट मिटलेल्या कळीच्या रूपात झोपतात. आपल्या हिमालयातली पांढऱ्या फुलाची पिंग्विक्युला अल्पिनाही तशीच. तिचं संकट बर्फाचं. मेक्सिकोच्या डोंगरातल्या जातींचं संकट वेगळं: पावसाळा साधारण जूनपासून ऑक्टोबरपर्यंत, पुढे कोरडे महिने. किडे कमी, पाणी कमी. मग चिकट रस गाळून ओल घालवायची कशाला? म्हणून जाड, पाणी धरणारी, मांसाहार सोडलेली पानं. १८१७ साली वर्णन झालेली मोरानेन्सिस यातलीच. जिप्सिकोला तर जिप्समच्या कड्यांवर वाढते; तिची पावसाळी पानं सुईसारखी उभी, आणि हिवाळी गुच्छ इतका वेगळा की एकाच झाडाची ही दोन रूपं म्हणून सांगावं लागतं.

हे पंचांग सोलापूरकराला ओळखीचं वाटेल. आपली रब्बी ज्वारीही साठवलेल्या ओलीवरच निभावते; फरक इतकाच की तिची ओल काळ्या रानात असते, हिची पानात. महाराष्ट्रातल्या कीटकभक्षींनी मात्र तिसरी वाट धरली. कास पठारावरची सीतेची आसवं पाणथळ मातीत सूक्ष्म फुगे लावून जीव टिपतात, गवती दवबिंदू चिकट पानांनी चिलटं धरतो. सड्यावरची ओल आटली की दोघंही बी टाकून संपतात. पिंग्विक्युला संपत नाही, आवरून बसते.

वैरागात ती वाढवताना खरी लढाई पाण्याशी आणि उन्हाशी. माझी पहिली कुंडी बोअरच्या पाण्याने गेली. हिला थोडा चुना चालतो, पण क्षार साचत गेले, कुंडीच्या काठावर पांढरी खपली धरली आणि पानं मधूनच तपकिरी पडली. तेव्हापासून पत्र्यावरचं पावसाचं पाणी टिपाडात धरतो. पहिला पाऊस धूळ धुऊन जाऊ देतो, नंतरचं घेतो. मिश्रण परलाईट, धुतलेली जाड वाळू आणि थोडं कोकोपीट, तेही तीन-चार पाण्यांतून काढलेलं. शेणखत, युरिया काही नाही. दुसरी कुंडी हिवाळ्यात मायेने रोज पाणी घालून कुजवली. गुच्छ बसला की पाणी आठवड्यातून चमचाभर, तेही कडेने.

उन्हाळा सर्वांत अवघड. मेक्सिकोतल्या या जाती उंच डोंगरातल्या आणि आमच्याकडे वैशाखात पारा चाळिशीपार. प्लास्टिकची कुंडी ओल्या वाळूच्या घमेल्यात ठेवतो. माठासारखी वाळू गार राहते. दुपारचं ऊन अजिबात नाही. मृग बरसला की मधलं पान लांब निघतं, त्यावर पहिला थेंब चमकतो.

नवी रोपं करण्याचा हंगाम मात्र हिवाळाच. गेल्या जानेवारीत, गावात हुरडा चालू असताना, गुच्छाची सात पानं दातकोरणीने बुडातून अलगद सोडवली आणि ओल्या परलाईटवर ठेवून डब्याला झाकण लावलं. पाचव्या आठवड्यात पाच पानांच्या बुडाशी टाचणीच्या डोक्याएवढे हिरवे ठिपके आले, भिंगातून पाहिलं तर प्रत्येकात तीन-तीन पानं. वैशाखात त्यांतलं एक गेलं. उरलेली चार सध्या, सप्टेंबरच्या पावसात, खिडकीत पसरली आहेत. आज सकाळी सगळ्यांत मोठ्या पानावरची चिलटं मोजली. अकरा.