मुलाबाळांसह जवळची सहल : टोकरखाड्याच्या भोवतालच्या काही वाटा

सिल्वासा शहरातील टोकरखाडा या वस्तीत दिवाळीची सुटी जवळ आली की घरोघरी एकच प्रश्न निघतो : या खेपेस जावयाचे कोठे? नोकरीच्या अथवा कारखान्यातील कामाच्या निमित्ताने बाहेरून येऊन येथे स्थायिक झालेली कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांच्यापुढे प्रायः दोनच पर्याय असतात. एक, मूळ गावी जाणे. दुसरा, वापी स्थानकावरून गाडी धरून एखाद्या नावाजलेल्या दूरच्या स्थळी जाणे. घरात चार-पाच वर्षांचे मूल असले तर या दुसऱ्या पर्यायात सुटीचा निम्मा काळ प्रवासातच जातो, आणि उरलेला प्रवासाचा शीण घालविण्यात.

शासकीय सेवेतील कुटुंबांच्या बाबतीत रजा प्रवास सवलतीचाही विचार असतो. केंद्रीय नियमांनुसार चार वर्षांच्या कालखंडात कर्मचाऱ्यास मूळ गावी दोनदा, किंवा एकदा मूळ गावी व एकदा देशात कोठेही सहकुटुंब जाता येते. सवलत वाया जाऊ नये म्हणून अगदी तान्ह्या मुलासही दोन-दोन रात्री गाडीत काढावयास लावणारे पालक थोडे नाहीत. सवलतीचा लाभ जरूर घ्यावा. परंतु ती चार वर्षांतून दोनदा येते, रविवार मात्र दर आठवड्यास येतो, आणि त्या रविवारी काय करावे याचा विचार सहसा कोणी करीत नाही.

दादरा व नगर हवेलीचे क्षेत्रफळ अवघे ४९१ चौरस किलोमीटर आहे. २६ जानेवारी २०२० पासून हा भाग दमण व दीवसह एकाच केंद्रशासित प्रदेशात समाविष्ट झाला. येथील सुमारे चाळीस टक्के भूमी वनांनी व्यापलेली असून पूर्वेकडे सह्याद्रीचे फाटे पसरलेले आहेत. टोकरखाड्याहून सकाळी निघावे आणि दिवेलागणीच्या आत परतावे, इतक्याच अंतरात नदी, अरण्य, टेकड्या आणि जलाशय असे सर्व काही आहे.

मूल किती चालते?

लहान मुलांसह पायी हिंडावयाचे म्हटले की पालक सर्वप्रथम अंतर विचारतात. वस्तुतः हा प्रश्न चुकीच्या ठिकाणी सुरू होतो. स्कॉटलंडमधील गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली डोंगरातील चालीचा एक ठोकताळा मांडला. सपाटीवर ताशी पाच किलोमीटर, आणि चढण असल्यास दर सहाशे मीटर उंचीमागे आणखी एक तास, असा तो हिशेब आहे. तो सराव असलेल्या प्रौढांसाठी होता. पाच वर्षांच्या मुलास बरोबर घेतल्यास या वेळाची निदान दुप्पट धरावी, आणि तरीही एखादा तास हातचा ठेवावा. कारण मूल रस्त्याने चालत नाही, ते रस्त्यावर थांबत थांबत पुढे सरकते. मुंग्यांचे वारूळ, सागाचे पंख्याएवढे पान, ओढ्यातील गुळगुळीत गोटा, यांपैकी प्रत्येकापाशी त्यास काही काम असते. त्यास ओढत पुढे नेणे म्हणजे ज्यासाठी आपण आलो तेच हिरावून घेणे होय.

साधारणपणे तीन-चार वर्षांच्या मुलास जाऊन-येऊन दोन किलोमीटरांची सपाट वाट पुरते. पाच ते सात वर्षांच्या मुलास तीन ते चार किलोमीटर झेपतात, आणि आठ-दहा वर्षांचे मूल बेताची चढण असलेले पाच-सहा किलोमीटर आनंदाने चालते. अर्थात मुलामुलांत फरक असतोच. महत्त्वाचे हे की, थकवा जाणवण्यापूर्वी परतावे. घड्याळात परतीची वेळ आधीच ठरवून ठेवावी आणि ती झाली की ठिकाण गाठले असो वा नसो, मागे वळावे. मोठ्या माणसांस हे जड जाते. मुलांस मुळीच नाही.

येथे एक गोष्ट नमूद करणे अवश्य आहे. चालणे ही ज्या मुलांची हौस नसून नित्याची गरज आहे, अशी मुलेही याच प्रदेशात राहतात. दूरच्या पाड्यांवरील वारली, कोकणा अथवा काथोडी कुटुंबातील मूल शाळेसाठी, पाण्यासाठी, गुरांमागे रोजच चालते. शहरातील मुलास दोन किलोमीटर चालविल्याचे कौतुक करताना पालकांनी हे भान ठेवावे.

ऋतू व वेळ

या प्रदेशात पाऊस भरपूर पडतो. तो बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या काळात वाटा निसरड्या होतात, ओढे अकस्मात फुगतात. मुलांसह पायी हिंडण्यास तो काळ योग्य नव्हे. पावसाळ्यातील सुटीच्या दिवशी सिल्वासा येथील आदिवासी संग्रहालय पाहावे. तेथील मुखवटे, वाद्ये आणि मासेमारीची साधने मुलांस हमखास खिळवून ठेवतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा सहलीचा काळ. भातकापणी आटोपलेली असते, हवा कोरडी व सुखद असते. फाल्गुनात पळस फुलतो आणि मोहाच्या फुलांचा वास रानात पसरतो, तेव्हाही सकाळच्या वेळी जाता येते. मे महिन्यात करवंदे व जांभळे असली तरी ऊन प्रखर असते. लहान मुलाचे शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापते व त्यातील पाणीही लवकर घटते. त्यामुळे उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर उघड्यावर चालणे टाळलेलेच बरे.

दादऱ्याचे उद्यान आणि हेगचे न्यायालय

अगदी लहान मुलांसाठी पहिली सहल दादऱ्याच्या वनगंगा उद्यानाची असावी. सिल्वाशाहून हे अंतर सुमारे पाच किलोमीटर आहे. तळे, त्यातील बेट आणि सावलीच्या पायवाटा यांमुळे चालावयास नुकत्याच शिकलेल्या मुलासही येथे मोकळे सोडता येते. मात्र पाण्याच्या कडेस हात धरूनच.

या छोट्याशा प्रवासात मोठ्या मुलांस सांगण्याजोगी एक विलक्षण हकीकत आहे. दादरा आणि नगर हवेली हे एकमेकांस लागून नाहीत, मध्ये आज गुजरात राज्यात असलेल्या भूमीचा पट्टा आहे. पेशवे व पोर्तुगीज यांच्यातील १७७९ च्या तहानंतर ही गावे पोर्तुगीजांकडे गेली. २२ जुलै १९५४ रोजी दादरा आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. या लढ्यात संगीतकार सुधीर फडके व पुढे शिवशाहीर म्हणून ख्यातनाम झालेले बाबासाहेब पुरंदरे यांचाही सहभाग होता. खानवेलच्या दिशेने माघार घेतलेले पोर्तुगीज अधिकारी कॅप्टन फिदाल्गो यांनी ११ ऑगस्ट १९५४ रोजी उदवा येथे शरणागती पत्करली. या मधल्या पट्ट्यातून जाण्याचा हक्क मागण्यासाठी पोर्तुगाल १९५५ साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व सामान्य माल यांच्यापुरता पोर्तुगालचा हक्क न्यायालयाने मान्य केला, सैन्य व शस्त्रे यांच्यासाठी अमान्य केला आणि भारताने काही गैर केल्याचे मानले नाही. पुढे ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा प्रदेश रीतसर भारतीय संघराज्यात समाविष्ट झाला. ज्या रस्त्यावर जगाच्या न्यायाधीशांनी इतका खल केला, तो रस्ता आज मूल खिडकीत बसून काही मिनिटांत ओलांडते. इतिहासाच्या शिक्षकांना याहून चांगला वर्ग कोठे मिळणार?

खानवेल, दुधनी

सिल्वाशाहून सुमारे वीस किलोमीटरांवरील खानवेल हे पायी हिंडण्यासाठी सर्वांत सोयीचे ठिकाण होय. साकरतोड नदी, भाताची खाचरे आणि सागाच्या रानाने वेढलेल्या टेकड्या येथे आहेत. कोणतीही ठरावीक चढाई करावयाची गरज नाही. बैलगाडीच्या वाटेने एखाद्या टेपाडापर्यंत जावे, सावलीत शिदोरी सोडावी आणि त्याच वाटेने परतावे. नवी वाट शोधण्याचे साहस मुले बरोबर असताना करू नये. खानवेलजवळच सातमालिया येथे हरणांचे उद्यान आहे आणि वाटेवर वासोणा येथे सिंह-विहार उद्यान आहे. अशा ठिकाणी साप्ताहिक सुटी व वेळा यांची चौकशी करूनच निघावे. बंद फाटकापुढे रडणारे मूल समजाविणे कठीण असते.

दुधनी सुमारे चाळीस किलोमीटरांवर आहे. नाशिक जिल्ह्यात उगम पावणाऱ्या दमणगंगेवरील मधुबन धरणाचा जलाशय येथे डोंगरांच्या कुशीत शिरलेला दिसतो. देखावा मनोहर आहे यात शंका नाही, परंतु घाटवळणाच्या रस्त्याने पोटात ढवळणाऱ्या मुलांसाठी मध्येच थांबे घ्यावेत. नौकाविहार करावयाचा असल्यास प्रत्येक मुलाच्या अंगावर त्याच्या मापाचे तरंगते जाकीट बांधलेले असल्याखेरीज नावेत पाऊल ठेवू नये. मोठ्या माणसाचे जाकीट मुलास घातले तर पाण्यात ते डोक्यावरून निसटते.

पाण्याविषयी थोडे विस्ताराने सांगावयास हवे, कारण अशा सहलींत जिवावरचा खरा धोका वाघरू अथवा सर्पाचा नसून पाण्याचा असतो. हिवाळ्यातील दमणगंगा उथळ व शांत दिसते. तथापि वरच्या अंगास धरण आहे, आणि तेथून पाणी सोडल्यास खालचे पात्र पाहता पाहता भरते. वाळूउपशाने अथवा प्रवाहाने पडलेले डोह वरून दिसत नाहीत. गुडघाभर पाण्यात असलेले मूल एका पावलात गळ्याइतक्या पाण्यात जाऊ शकते, आणि बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. म्हणून नदीकाठी एका मोठ्या माणसाने केवळ मुलांकडेच पाहत राहावयाचे, ना गप्पा, ना छायाचित्रे, असा नियम असावा. शालेय सहलीत तर कोणते शिक्षक कोणत्या मुलांकडे पाहतील हे निघण्यापूर्वीच लेखी ठरविलेले असावे आणि बसमध्ये चढताना प्रत्येक वेळी शिरगणती व्हावी.

सर्पाचे भय अनाठायी नाही, पण त्यावर उपाय सोपा आहे : पायात बंद पादत्राणे, आणि गवतात, दगडाखाली, पेंढ्यात हात न घालणे. दंश झालाच तर चिरा देणे, रक्त चोखणे, आवळून बांधणे यांपैकी काहीही करू नये. मुलास धीर द्यावा, दंश झालेला अवयव लाकडी पट्टीने स्थिर करावा आणि भगताकडे न जाता तडक रुग्णालयात न्यावे. सिल्वाशात श्री विनोबा भावे नागरी रुग्णालय आहे.

शिदोरीचे फारसे अवडंबर नको. भाकरी किंवा दशमी, गूळ-शेंगदाणे, केळी, काकडी पुरेत. दर अर्ध्या तासाने मुलास घोटभर पाणी पाजावे. तहान लागल्याचे ते खेळाच्या नादात सांगत नाही. जुलाब झाल्यास उपयोगी पडावी म्हणून जलसंजीवनीची पुडी जवळ ठेवावी. ती नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर व अर्धा सपाट लहान चमचा मीठ हे प्रमाण पाळावे. मीठ अधिक झाल्यास लहान मुलास अपाय होतो.

पाड्यातून जाताना

खानवेलच्या पुढील बहुतेक वाटा कोणाच्या ना कोणाच्या अंगणातून अथवा खळ्यावरून जातात. ती प्रेक्षणीय स्थळे नव्हेत, घरे आहेत. गेरू लावलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेला चौक दिसला तर दुरून पाहावा आणि घरच्या बाईस विचारून मगच छायाचित्र घ्यावे. रानाच्या कडेला वाघदेवाचे कोरीव लाकूड असते, त्यास मुलांनी हात लावू नये. दुधी भोपळा, बांबू आणि ताडपत्र यांपासून केलेला तारपा कोणी वाजवून दाखविला तर मुले तो स्वर विसरत नाहीत. मात्र बिदागी देऊन नाच करावयास लावणे शोभत नाही. उलट काकड्या, शेंगा, रानभाजी जे विकावयास असेल ते योग्य किमतीस घ्यावे.

मुले सात-आठ वर्षांची झाली आणि दोन दिवसांची सवड असली की पालघर जिल्ह्यातील जव्हारचा बेत करता येतो. सुमारे साडेचारशे मीटर उंचीवरील या गावी मुकणे संस्थानिकांचा जयविलास राजवाडा आहे. सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराज येथील शिरपामाळावर थांबले होते, असे सांगितले जाते. दाभोशाचा धबधबा मात्र वरूनच पाहावा. खाली उतरणारी वाट उभी व ओलसर असून लहान मुलांची नव्हे. जव्हारहून परतताना दुपारी लवकर निघावे, म्हणजे घाटाचा भाग उजेडातच मागे पडतो आणि मुले टोकरखाड्यास पोचेपर्यंत गाडीतच झोपी गेलेली असतात.