हरवलेली वस्तू दाखवणारा टॅग : विकत घेण्यापूर्वी एवढे समजून घ्या



गेल्या हंगामातली, पौष महिन्यातली गोष्ट. सकाळी सहाच्या सुमारास टायरगाडीच्या अड्ड्यावरचा एक तोडणी कामगार आमच्या गट कार्यालयात आला. रात्रीतून त्याच्या जोडीतला एक बैल दावे तोडून निघून गेला होता. बैल गेला म्हणजे गाडी बंद, गाडी बंद म्हणजे उचल फिटायची कशी, हा घोर त्याच्या तोंडावर दिसत होता. पण हातात मोबाईल घट्ट धरलेला. म्हणाला, "साहेब, बैल मोबाईलवर दिसतोय, पण जागेवर जावं तर तिथं न्हाई."

बैलाच्या गळ्यात त्याने घुंगरांबरोबर कोटाच्या बटणापेक्षा थोडी मोठी अशी चकती बांधली होती. यालाच टॅग म्हणतात. बाजारातल्या एका दुकानदाराने "उपग्रहावरून बैल दाखवतो" असे सांगून ती त्याला दिली, आणि याने उचलीच्या पैशातून ती घेतली. मोबाईलवरच्या नकाशात ठिपका होता आणि तो नेमका आपल्या कारखान्याच्या गाडीतळावर होता. म्हणून पहाटेपासून दहा माणसे गाडीतळावरची रांग न रांग धुंडाळत होती. ठिपक्याखाली बारीक अक्षरांत वेळ होती, रात्री २.१०. ती कोणी वाचलीच नव्हती.

बैल सापडला तो सकाळी नऊला, कॅनॉलपलीकडे एका सभासदाच्या हरभऱ्यात. त्यांनी तो पहाटेच पकडून बांधला होता. पण कोणाचा ते कळेना, म्हणून दूधवाल्याबरोबर निरोप धाडला. मोबाईलवरचा ठिपका मात्र बैल अड्ड्यावर परत येईपर्यंत गाडीतळावरून हलला नाही.

आता याच्या उलट गोष्ट सांगतो. आमची स्वतःची पिशवी, आत ऊस नोंदीच्या वह्या, आम्ही एसटीत विसरलो. तिलाही असाच टॅग होता. गाडी पुढच्या गावाच्या स्टँडवर पोचली तेव्हा मोबाईलवर ठिपका त्या स्टँडवर आला, आणखी तासाभराने आगारात आला. आम्ही आगारात फोन केला, पिशवी जशीच्या तशी मिळाली. मग तोच टॅग पिशवीला फळला आणि बैलाला का नाही? गेले काही महिने अनेक सभासद "टॅग घ्यावा का?" असे विचारत आहेत. या प्रश्नाच्या उत्तरातच ते सगळे आले.

टॅगला स्वतःची जागा माहीत नसते

पहिली गोष्ट, अशा टॅगचा उपग्रहाशी काहीही संबंध नसतो. त्यात जीपीएस नाही, सिमकार्ड नाही, इंटरनेट नाही. आहे तो घड्याळात असतो तसा एक चपटा सेल आणि ब्लूटूथचा एक लहानसा रेडिओ. हा रेडिओ दर काही सेकंदांनी एक बारीक साद घालतो, "मी अमुक आहे, मी अमुक आहे." एवढेच त्याचे काम. कमी विजेवर चालणारी ही ब्लूटूथची पद्धत २०१० साली प्रमाणित झाली. म्हणूनच बोटाच्या पेराएवढा सेल वर्षभर पुरतो.

ही साद जवळून जाणाऱ्या एखाद्याच्या मोबाईलला ऐकू येते. त्या मोबाईलला आपण स्वतः कुठे आहोत हे माहीत असते, कारण जीपीएस त्याच्यात असते. तो ही साद, आपली जागा आणि वेळ असा निरोप इंटरनेटवरून कंपनीकडे पाठवतो, आणि तिथून तो टॅगच्या मालकाला दिसतो. रेंज नसेल तर निरोप मोबाईलमध्येच थांबतो आणि रेंज आल्यावर जातो. हे सगळे त्या वाटसरूच्या नकळत होते. त्याला ना वस्तू कळते, ना मालक. निरोपाला कुलूप असते आणि किल्ली फक्त मालकाच्या मोबाईलात असते. टॅगने सांगितलेले नावसुद्धा वेळोवेळी बदलत राहते, म्हणजे त्यावरून तिसऱ्याच कोणाला मालकाचा माग काढता येऊ नये.

पूर्वी जनावर हरवले की आपण आठवडी बाजारात सांगायचो, एसटीच्या कंडक्टरला सांगायचो, कोतवाल दवंडी द्यायचा. ज्याने पाहिले तो निरोप द्यायचा. टॅगचे काम याच रीतीचे आहे, फक्त निरोप पाकिटात बंद असतो. थोडक्यात, ही एक सहकारी व्यवस्थाच म्हणा. शेजाऱ्यांचे मोबाईल राबतात म्हणून आपली वस्तू सापडते, आणि आपला मोबाईल राबतो म्हणून त्यांची.

आता दोन्ही गोष्टींचा उलगडा होतो. एसटीत पन्नास माणसे, पन्नास मोबाईल, म्हणून पिशवीचा ठावठिकाणा क्षणोक्षणी कळत गेला. गाडीतळावर रात्री दोनलाही ट्रक-ट्रॅक्टरचे ड्रायव्हर जागे होते, बैल तिथून गेला तेवढे त्यांच्या मोबाईलनी कळवले. पुढे कॅनॉलच्या कडेला ऐकणारेच कोणी नव्हते. तेव्हा ठिपका म्हणजे वस्तू आता आहे ती जागा नव्हे, शेवटची साद ऐकू आली ती जागा. ठिपक्याआधी त्याच्याखालची वेळ वाचावी.

कोणता टॅग कोणत्या मोबाईलला

टॅगच्या दोन मोठ्या जाती आहेत आणि त्या एकमेकींचे निरोप नेत नाहीत. अ‍ॅपल कंपनीचा एअरटॅग एप्रिल २०२१ मध्ये आला. आपल्याकडे तेव्हा एका नगाची किंमत ३,१९० रुपये होती. तो आयफोन किंवा आयपॅडलाच जोडता येतो आणि त्याचा निरोपही अ‍ॅपलची उपकरणेच नेतात. पुण्या-मुंबईत त्याचा चांगला उपयोग होतो. आपल्या शिवारात आयफोन किती, हे ज्याचे त्याने मोजावे.

दुसरी व्यवस्था गूगलची, अँड्रॉईड मोबाईलसाठी. ती २०२४ साली अमेरिका व कॅनडात सुरू झाली व पुढे इतर देशांत आली. तिचे आताचे नाव फाइंड हब. आपल्याकडे बहुतेकांचे मोबाईल अँड्रॉईडच, म्हणून ही आपल्याला जवळची. पण तिच्यात एक मेख आहे. मुळात तिची सेटिंग अशी असते की, वर्दळीच्या ठिकाणी अनेक मोबाईलनी साद ऐकली तरच जागा कळवावी. वस्तीवरच्या एकट्या मोबाईलने ऐकले तरी ते मालकापर्यंत जात नाही. आमच्या बैलाचे असेच झाले असावे, कारण हरभऱ्याचे मालक आणि दूधवाला दोघेही मोबाईल खिशात घेऊन त्याच्याजवळ उभे होते. ही सेटिंग बदलून "सर्व ठिकाणी" करता येते, पण ती निरोप देणाऱ्याने आपल्या मोबाईलमध्ये करावी लागते. एका वस्तीवरच्या, एका अड्ड्यावरच्या लोकांनी मिळून केली तर त्याचा उपयोग.

टॅग जोडायचा कसा

सेलवरची प्लास्टिकची पट्टी ओढून काढावी, टॅग मोबाईलजवळ धरावा, ब्लूटूथ आणि लोकेशन चालू ठेवावे. मोबाईल स्वतःच विचारतो, त्याप्रमाणे नाव द्यावे. एकदा जोडला की टॅग त्या खात्याला बांधला जातो. मूळ मालकाने आपल्या खात्यातून काढल्याशिवाय तो दुसऱ्याला जोडता येत नाही. म्हणून जुना टॅग विकत घेऊ नये, घेतलाच तर विकणाऱ्यासमोर आपल्या मोबाईलला जोडून पाहूनच पैसे द्यावेत.

वस्तू घरातच असेल तर मोबाईलवरून टॅगला आवाज करायला लावता येतो. काही टॅगमध्ये आणि काही महागड्या मोबाईलमध्ये अल्ट्रा वाइडबँड नावाचा दुसरा रेडिओही असतो. लहर जाऊन यायला किती वेळ लागला यावरून तो अंतर काढतो आणि पडद्यावर बाण दाखवतो. कडब्याच्या गंजीत पडलेली किल्ली शोधायला हे ठीक, पण ते जवळच्या जवळच चालते आणि दोन्हीकडे तो रेडिओ लागतो.

उभ्या उसात काय होते

बियाण्याची जशी आम्ही आधी चाचणी घेतो, तशी टॅगचीही घेतली. मोकळ्या बांधावर तीसेक पावलांवरूनही मोबाईलला टॅग ऐकू येत होता. तोच टॅग दहा महिन्यांच्या उभ्या उसात टाकला तर आठ-दहा पावलांतच आवाज तुटला. पत्र्याच्या स्टार्टर पेटीत ठेवून झाकण लावले तर पेटीला हात टेकेपर्यंत पत्ता नाही. यात नवल नाही. ब्लूटूथची लहर २.४ गिगाहर्ट्झची. पाणी ती शोषून घेते आणि धातू तिला अडवतो. उसात तर पाण्याचाच भाग मोठा. तेव्हा उसाच्या फडात आणि पत्र्याच्या पेटीत टॅगचा भरवसा धरू नये.

कशाला लावावा, कशाला नाही

१. किल्ल्यांचा जुडगा, कागदपत्रांची पिशवी, प्रवासाची बॅग, मोटारसायकल यांना लावण्यास हरकत नाही. या वस्तू माणसांच्या वर्दळीतच हरवतात.

२. ट्रॅक्टर, ट्रक यांना सिमकार्ड असलेले जीपीएस यंत्र घ्यावे. ते उपग्रहावरून स्वतः जागा काढते आणि वाहनाच्या बॅटरीवर चालते. रिचार्ज भरत राहावा लागतो, पण काम वेगळे आणि खरे.

३. विहिरीवरची मोटार, केबल यांची चोरी टॅगने थांबणार नाही. परका टॅग आपल्याबरोबर फिरत असल्याची सूचना मोबाईल देतो, ती चोरालाही मिळते. तरीही ठिपका दिसलाच तर एकट्याने मागे जाऊ नये. वेळेसह तो पोलीस ठाण्यात दाखवावा.

४. जनावराला टॅग हा मुख्य उपाय नव्हे. एअरटॅग वस्तूंसाठी आहे, माणसांसाठी वा प्राण्यांसाठी नाही, असे खुद्द अ‍ॅपल कंपनीनेच सांगितले आहे. सरकारी योजनेतला कानातला पिवळा बिल्ला हाही वेगळा. त्यावर १२ आकडी नंबर असतो, त्यातून कसलीही साद निघत नाही. आमच्या अनुभवातला खरा उपाय पाच-दहा रुपयांचा आहे. बैलाच्या गळ्यातल्या पट्ट्यावर पक्क्या रंगाने आपला मोबाईल नंबर लिहावा. त्या दिवशी नंबर असता तर हरभऱ्याच्या मालकाने पहाटेच फोन केला असता. एक खेप बुडाली नसती आणि दहा माणसांची झोपही मोडली नसती.

दोन धोके

पहिला घरातल्या लहान मुलांचा. टॅगमधला चपटा सेल मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून गंभीर भाजते. अड्ड्यावर, वस्तीवर लहान मुले असतात. झाकण घट्ट आहे का पाहावे, जुना सेल उघड्यावर टाकू नये, आणि गिळल्याची नुसती शंका आली तरी मुलाला ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्यावे.

दुसरा धोका माणसांकडून. कोणी दुसऱ्याच्या पिशवीत, विशेषतः बाईमाणसाच्या किंवा मुलीच्या सामानात, गुपचूप टॅग टाकून तिच्या मागावर राहू शकतो. यावर बोभाटा झाल्यावर अ‍ॅपल आणि गूगल यांनी मिळून मे २०२४ पासून अशी सोय केली की, परका टॅग बरोबर फिरत असेल तर आयफोन व अँड्रॉईड दोन्हींवर सूचना यावी. इंग्रजीत काहीतरी आले म्हणून ती पुसून टाकू नये. घरातल्या मुली-सुनांना ही सूचना समजावून सांगावी. टॅग सापडला तर तो जपून ठेवावा, कोणाला तरी सांगावे आणि गरज वाटल्यास पोलिसांकडे जावे. आणि आपणही घरच्या माणसावर लक्ष ठेवायला टॅग वापरू नये. ते वस्तूचे साधन आहे.

घेतेवेळी दुकानदाराला तीन प्रश्न विचारावेत : हा कोणत्या व्यवस्थेत चालतो, माझ्या मोबाईलला जोडतो का, आणि सेल कोणता बसतो. "उपग्रहावरून चालतो" असे उत्तर देणाऱ्याला सिमकार्ड कुठे आहे ते दाखवायला सांगावे. सिम नसेल तर ते उत्तर खोटे समजावे.

ज्यांच्याकडे टॅग आहे त्यांनी गट कार्यालयात मोबाईल घेऊन यावे, सेटिंग आमचे कर्मचारी पाहून देतील. त्या तोडणी कामगाराचा टॅग आता त्याच्या मोटारसायकलच्या किल्लीला आहे. बैलाच्या पट्ट्यावर पांढऱ्या रंगाने दहा आकडे लिहिले आहेत. यंदा अड्ड्यावरच्या प्रत्येक बैलाच्या पट्ट्यावर ते असावेत, अशी सर्व गाडीवानांना व मुकादमांना आमची विनंती आहे.

आपला,
ऊस विकास अधिकारी